अर्धा मल्लाप्पा

मल्लाप्पा मॅट्रिक झाला तेव्हा वडगावातल्या त्याच्या घरी पेढे वाटले नाहीत, कारण मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवायचा होता. तो चढवून झाल्यावर त्यानं वडिलांना, आण्णाप्पांना सांगितलं, "आप्पा, मला कॉलेजात जायचंय."

"जा की. सकाळी जा. दुपारी मागावर बस."

घरात माग एकच, आणि आण्णाप्पांच्या गुडघ्यांनी गेल्या थंडीपासून मागाच्या खड्ड्यात उतरायचं बंद केलं होतं. मल्लाप्पा बेळगावच्या कॉलेजात विचारून आला. प्रिन्सिपॉल म्हणाले, "आम्ही पूर्ण विद्यार्थी घेतो. अर्धा घेत नाही."

"कुठला अर्धा नको त्येनला?" आण्णाप्पांनी विचारलं. "पाय मागाला लागत्यात. वरचा त्येनी ठेवून घ्यावा."

मल्लाप्पानं हा निरोप प्रामाणिकपणे पोचवला. प्रिन्सिपॉलांनी तो तर्कशास्त्राच्या मारुतीराव प्रोफेसरांकडे सोपवला.

रविवारी मारुतीराव छत्रीसकट घरी आले. "आण्णाप्पा, मुलगा हुशार आहे. त्याला पूर्णवेळ सोडा."

"सोडतो की. ह्यो ताणा उतरू द्या. ज्येनं पयला आडवा धागा घातला त्येनंच शेवटपातुर इनायचं. हात बदलला की ठोका बदलतोय, कापडावर पट्टा दिसतोय. शहापूरचा व्यापारी हात लावत न्हाय."

"पहिला धागा घातलाय का त्यानं?"

"उद्या घालणार."

"मग दुसऱ्या कुणीही घालावा! त्यात काय अवघड आहे?" असं म्हणत मारुतीराव वादाच्या भरात खड्ड्यात पाय सोडून बसले, धोटा फेकला आणि फणी ठोकली. एकदाच.

मल्लाप्पाची आई अंजनी पुढं आली. तिनं मारुतीरावांची छत्री उचलून खुंटीला लावली.

"मास्तर, बसा आता निवांत. च्या ठेवते."

"अहो, एकच तर धागा! काढून टाका."

"काढला तर माग रुसतोय," आण्णाप्पा म्हणाले. "आमच्या चुलत्याचा आठ वर्सं रुसलाता."

मारुतीरावांनी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि कोट काढला.

सोमवारी त्यांनी प्रिन्सिपॉलांकडे अर्ध्या दिवसाची नोकरी मागितली. "अर्धा प्रोफेसर आमच्याकडे नसतो," प्रिन्सिपॉल म्हणाले. आता प्रोफेसरांना कॉलेज सोडता येईना आणि खड्डाही सोडता येईना. हलवता येण्यासारखा फक्त वर्ग होता. तो दुपारचा वडगावला भरू लागला.

मल्लाप्पाचं नाव पूर्ण विद्यार्थी म्हणून लागलं. सकाळी तो टोपी घालून कॉलेजात जाई आणि दुपारी अख्खा वर्ग घेऊन स्वतःच्याच घरी येई. मारुतीराव खड्ड्यातून शिकवत, प्रत्येक मुद्द्यावर फणी ठोकत. पोरांचे हात रिकामे बघवेनात म्हणून अंजनीनं सगळ्यांना धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला दिल्या.

दिवाळीला पहिलं लुगडं उतरलं. व्यापाऱ्यानं त्यावर हात फिरवला. "पट्टा न्हाय कुठं. पर इनणारा लई इचार करतोय."

शिमग्याला ताणा संपत आला. पुढचा पहिला धागा मल्लाप्पाच्याच नशिबी होता. एका दुपारी कांडी भरता भरता त्यानं हळूच विचारलं, "आप्पा, आता माझं कॉलेज?"

आण्णाप्पांनी मारुतीरावांकडे बघितलं. ते शेवटच्या लुगड्याच्या पदराला आले होते. खुंटीवर छत्री लटकत होती. तिच्या शेजारची खुंटी रिकामी होती.

"तुमच्यात गणित शिकिवणारं मास्तर हाईत न्हवं," आण्णाप्पा म्हणाले, "त्ये च्या घेत्यात का रं?"