मागे घेताना

बायसनांचा कळप रस्ता अडवून उभा राहिला नसता, तर डोरीन भर दुपारी पोचली असती आणि तळावर बघायला चिटपाखरू नसतं. पण बायसनांना कुणाच्या घाईचं काय? यलोस्टोन उद्यानातल्या मुक्कामाच्या तळावर तिची पिकअप आणि गाडीच्या शेपटाला बांधलेला राहायचा ट्रेलर शिरले ते ऐन संध्याकाळी, झाडून सगळी मंडळी खुर्च्या टाकून सॉसेज भाजत बसलेली असताना.

आणि तिला मिळालेली जागा अशी, की ट्रेलर उलटा मागे ढकलतच आत घालायचा. दोन पाइनच्या मधे.

नेब्रास्कातलं घर सोडल्यापासून तिने हा प्रसंग टाळत आणला होता. आधीच्या मुक्कामांना एका बाजूने शिरून दुसरीकडून निघता येईल अशाच जागा तिने हुडकल्या होत्या. एरवी हे काम नवऱ्याचं, लाइलचं. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात कुठलं ना कुठलं उद्यान, आणि दर मुक्कामाला तेच: लाइल स्टिअरिंगच्या चाकावर, डोरीन मागे उभी राहून हात हलवणार. लाइल गेल्या हिवाळ्यात गेला. अंत्यविधीनंतर चर्चमधून घरी परततानाच मुलाने, ग्रेगने, ट्रेलरला गिऱ्हाईक असल्याचं सांगितलं.

"आधी यलोस्टोनला जाऊन येते," डोरीन म्हणाली होती.

"तुझ्या हाताने नेलास, लावलास आणि आणलास तर मी तोंड उघडणार नाही, आई. नाही जमलं तर विकायचा. कबूल?"

ती कबूल म्हणाली होती. आता शेजारी बसलेली नणंद पायातले बूट शोधत होती.

"मर्ना, उतर आणि मागे उभी राहून हात कर."

"कसा करू?"

"मी करायचे तसा."

"तू करायचीस तेव्हा मी आत कॉफी पीत असायचे गं!"

तरी मर्ना उतरली. पाइनच्या मागे जाऊन उभी राहिली आणि माश्या हाकलल्यासारखे दोन्ही हात उडवू लागली. डोरीनने गाडी मागे घेतली. ट्रेलर डावीकडे जायला हवा होता, तो उजवीकडे, जागेतल्या लाकडी टेबलावर चालून गेला. पुढे घेतली, परत मागे. या वेळी झाड.

"थांब! अगं थांब!" मर्ना ओरडली. "झाडाने काय घोडं मारलंय तुझं?"

"तू आरशात दिसत नाहीस! तू मला दिसली नाहीस तर मला कळणार कसं?"

"मग आरसा मोठा घे!"

खुर्च्यांमधलं बोलणं थांबलं होतं. कुणी मागे घेत असेल तेव्हा आपण दुसरीकडे बघावं, हा लाइलचा नियम. इथे सगळ्यांनी नियम पाळायचा प्रयत्न केला. एक बाई तर तोंड फिरवून रिकामी शेगडी ढवळत होती. शेवटी पलीकडून लाल टोपीवाले एक गृहस्थ आले. काचेशी वाकून अदबीने म्हणाले, "बाई, किल्ली द्या हवी तर. दोन मिनिटांत लावून देतो. ट्रेलर लावण्यावरूनच आमच्या घरचीही बोलत नाही माझ्याशी, आज तासभर झाला."

माणूस चांगला होता. हो म्हणायला डोरीनची जीभ उचलली होती. आणि मग सप्टेंबरात कुणी गिऱ्हाईक ट्रेलर अंगणातून ओढून नेईल, हेही तिला दिसलं. तिचे हात चाकावरून घसरत खाली आले आणि चाकाच्या अगदी तळाशी टेकले.

तिथे चाकाचं कातडं उडालं होतं. आख्ख्या प्रवासात ती त्यावर चिडली होती. वरची बाजू नुसती गुळगुळीत झालेली आणि तळाशी पार टक्कल. लाइल गाडी चालवायचा ती वर धरून. मग हे कधी झिजलं? तिला तर मागून आरशात त्याचा चेहराच काय तो दिसायचा. हात कधीच नाही.

तिने तळवा त्या टकलावर ठेवला. चपखल बसला.

"जरा थांबता?" ती म्हणाली. "मर्ना! पाइन सोड. आरशात तुला माझं तोंड दिसेल अशी उभी राहा. बस, बाकी काही करू नकोस."

गाडी मागे घेत तिने तळाशी धरलेला हात थोडा डावीकडे नेला. ट्रेलरचं शेपूट डावीकडे वळलं. उजवीकडे नेला, तर उजवीकडे. इतकं सोपं, आणि मेल्याने कधी सांगितलं नाही. तिनेही कधी विचारलं नव्हतं म्हणा. ती सावकाश, पुन्हा पुन्हा पुढे येत मागे गेली, आणि ट्रेलर दोन पाइनच्या मधे जाऊन टेकला. जरा तिरका. पण आत.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, एवढी माणुसकी त्या तळावर होती. लाल टोपीवाल्यांनी नुसती टोपी उचलली. शेगडी ढवळणारी त्यांचीच बायको निघाली. ती नंतर पीच भरून भाजलेली पाय-पेस्ट्री घेऊन आली आणि तिने नवऱ्यालाही हाक मारून बसवून घेतलं.

डोरीन मात्र त्याआधी गाडीतच बसून राहिली, हात तिथेच ठेवून. "बरं झालं हो, चाकाचं कव्हर बदललं नाहीत," ती लाइलला म्हणाली.

"पुढच्या उन्हाळ्यात कुठे?" खात खात मर्नाने विचारलं.

"ग्लेशियर उद्यान. ग्रेगला तूच कळव."

तेवढ्यात एक तरुण जोडपं ट्रेलर घेऊन समोरच्या जागेत आलं. पोरगी मागे उभी राहून हात उडवू लागली. मर्ना मान उंचावून बघू लागली तशी डोरीनने तिची खुर्ची धरली आणि झाडांकडे फिरवली.