लीलाबाईचा पितळी डबा

लीलाबाईची खिरापत सावळघाटातल्या एकाही पोरीनं कधी ओळखली नव्हती.

भुलाबाईच्या दिवसांत पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची बाई झाकण लावलेला डबा त्यांच्यापुढे हलवते. आत कोणती खिरापत आहे ते आवाजावरून ओळखायचं. ओळखलं तर पोरी जिंकल्या, नाही ओळखलं तर बाई जिंकली. खायला दोन्हीकडून मिळतंच. बाकीच्या बायकांचे डबे पोरी चुटकीसरशी ओळखत. शेजारच्या कांताबाईच्या दारात तर डबा हलायच्या आधीच "मुरमुरे!" म्हणून ओरडत, कारण कांताबाई दरवर्षी मुरमुरेच ठेवायची. लीलाबाईच्या ओसरीवर मात्र सगळ्यांची बोलती बंद व्हायची. म्हणून कोजागिरीचा, म्हणजे शेवटचा मान तिच्या ओसरीला होता. ज्वारीच्या धांड्यांचा मखर तिथंच उभा राहायचा आणि मातीची भुलाबाई दुसऱ्या दिवशी तिथूनच नदीवर निघायची.

ती लीलाबाई यंदा चैत्रात गेली. मागे तिचा नवरा मारोतराव राहिला आणि खिरापतीचा पितळी डबा राहिला.

सावळघाट यवतमाळपेक्षा जुनं, असं सावळघाटचे लोक सांगतात. भोसल्यांच्या वेळचा दगडी घाट आहे, महादेवाचं काळं देऊळ आहे, दरवाजे नसलेली वेस आहे. पूर्वी शहर लांब होतं. मग ते वाढत वाढत लोहाऱ्याच्या पुढं आलं आणि एक दिवस वेशीला येऊन टेकलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात लेआउट पडले. शहरातले लोक आता घाटावर येतात ते लग्नाआधीचे फोटो काढायला. मारोतराव रोज घाटाच्या त्याच पायरीवर बसायचा, त्यामुळे ज्यांची नावंही त्याला ठाऊक नाहीत अशा कितीतरी जोडप्यांच्या अल्बमात त्याची पाठ गेली होती. फोटोवाले म्हणायचे, "काका, जरा सरकता का?" मारोतराव म्हणायचा, "तुमीच सरका, नदी लय लांब हाये." ती पायरी लीलाबाईची कपडे धुवायची होती. पण हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

कोजागिरी तोंडावर आली तेव्हा नव्या लेआउटमधल्या दिपालीताई ओसरीवर आल्या. बाई चांगली होती. गावात काही करायचं म्हटलं की पुढं असायची. तिच्या मागे कांताबाई आणि कांताबाईची नात समीक्षा. ही समीक्षा डबे ओळखण्यात सगळ्या पोरींची म्होरकी.

"काका, यंदा भुलाबाई आमच्या हॉलमध्ये बसवू या," दिपालीताई म्हणाल्या. "स्टेज आहे, माइक आहे. खाऊची पाकिटं कॅटरर देईल. तुम्ही एकटे, तुम्हाला उगाच त्रास नको."

"पाकिटात काय हाये ते वरूनच दिसते," समीक्षा म्हणाली. "मंग ओळखाचं काय, ताई?"

"तू गप बस व," कांताबाई म्हणाली. मग मारोतरावाकडे वळून म्हणाली, "भाऊजी, ताई काई वाईट नाई म्हणत. लीला असती तर गोष्ट वेगळी होती."

मारोतराव खांबाला टेकून बसला होता. त्याला देवाचं फारसं काही नव्हतं. मखर उभा राहायचा तेव्हा तो बाहेर खाटेवर पडून असायचा. पण भुलाबाई गेली की ही ओसरी म्हणजे नुसती चपला काढायची जागा होणार, हे त्याला एकदम दिसलं.

"खिरापत मी करतो," तो म्हणाला.

कांताबाईनं पदर तोंडाला लावला. "तुमी? तुमी चहा ठेवला तर गंज जाळता, भाऊजी!"

"गंज जुना होता," मारोतराव पातेल्यावर ढकलत म्हणाला.

"गॅस तर नवा होता ना!"

मारोतरावाला आबाजी म्हणणाऱ्या समीक्षानं मधेच निकाल लावला. "आबाजीची खिरापत आमी ओळखली तर पुढच्या वर्षापासून भुलाबाई हॉलात. नाई ओळखली तर ओसरीवरच. कोणी रडाचं नाई."

दिपालीताई हसून तयार झाल्या. कांताबाई तर हात झटकत उठली. तिच्या मते हॉलात सतरंज्या टाकायलाच हरकत नव्हती.

कोजागिरीच्या दिवशी मारोतरावानं बंजाऱ्यांच्या तांड्यावरून खेमसिंगला बोलावलं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. खेमसिंगच्या आज्याच्या बैलांवरून मीठ यायचं, आता खेमसिंगची तूर बाजारात जायची. स्वयंपाकातलं त्याला मारोतरावापेक्षाही कमी कळत होतं, पण सल्ला द्यायला तो कधी मागे राहिला नव्हता.

"आधी आवाज पाहू," मारोतराव म्हणाला. त्यानं दुकानातून आणलेला एक पुडा डब्यात ओतला, झाकण लावलं आणि डबा हलवला. "सांग."

"फुटाणे," खेमसिंग म्हणाला.

मारोतरावानं दुसरं काही भरलं. "आता?"

"शेंगदाणे."

"आता?"

"खारका."

मारोतराव घाबरला. "तुले तर सगळंच ओळखू येते गा! कसं काय?"

"दुकानात सोबतच गेलतो ना आपण. पिशवी मीच तर धरून होतो."

मारोतरावानं कपाळावर हात मारला. त्यानं डबा मांडीवर ओढला, आणि मग त्याला आठवलं. दरवर्षी कोजागिरीच्या दुपारी लीलाबाई स्वयंपाकघराच्या दाराआडून हा डबा हलवायची. "अहो, हे काय हाये?" खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणायचा, "करंज्या." मग ती बाहेर येऊन त्याच्या हातावर दोन करंज्या ठेवायची. थोड्या वेळानं पुन्हा डबा वाजायचा. "आता?" "अनारसे." लगेच अनारसे हातावर. असं चालता चालता कधीतरी तो अडायचा. "हे नाई समजलं बा." मग डबा वाजायचा बंद व्हायचा. त्याला आयुष्यभर वाटत आलं, की बाई आपल्याला लाडानं खाऊ घालते.

"खेमसिंग," तो म्हणाला, "मी ओळखलं ते तिनं पोरींपुढं कधी नेलंच नाई. मले नाई समजलं तेच नेलं."

"म्हणजे रे?"

"म्हणजे ओळखणारा मीच होतो. अन् मले वाटे, मी नुसता खाणारा."

खेमसिंगनं डब्यातली एक खारीक तोंडात टाकली. "मंग आता तुह्यासाठी डबा कोण हलवन?"

मारोतराव उठला आणि त्यानं गॅस पेटवला.

त्यानं तिळाचे लाडू करायचं ठरवलं होतं. गुळाचा पाक झाला, पण तो ढवळत असताना तीळ करपले. करपलेले वेचण्यात पाक पातळच राहिला, म्हणून खेमसिंगनं ज्वारीच्या लाह्या टाकल्या. लाह्यांनी सगळा पाक पिऊन टाकला, म्हणून मारोतरावानं तूप ओतलं. तूप जास्त झालं, म्हणून फुटाण्याचं पीठ. पिठाच्या गाठी झाल्या, म्हणून दूध.

"याडी ये!" खेमसिंगनं त्याच्या बोलीत आईला हाक मारली. "आता हे हलवाले फावडं आणू का?"

"खोबरं टाक."

"खोबऱ्यानं काय होते?"

"मले काय माहीत? ती सगळ्यातच टाके."

तेवढ्यात वेशीकडून पोरींच्या गाण्यांचा आवाज आला. वड्या थापायला, लाडू वळायला वेळच उरला नाही. मारोतरावानं कढई उचलली आणि आतलं सगळं तसंच उकळतं डब्यात ओतलं. डबा काठापर्यंत भरला. वरून झाकण दाबून बसवलं.

ओसरीवर मखर उभा राहिला होता. भुलाबाई, तिचा नवरा भुलोजी आणि गणपती नीट बसले होते. चंद्र वर आला होता. बायका जमल्या, दिपालीताई जमल्या, आणि खेमसिंगनं कौतुकानं तांड्यावरचे दोन म्हातारेही आणले. पोरींची गाणी सुरू झाली ती संपेचना. मारोतराव मखरासमोर डब्यावर हात ठेवून बसला होता. डबा आधी पोळत होता, मग कोमट झाला, मग थंड झाला. शेवटी समीक्षा पुढं आली आणि मांडी घालून बसली.

"हलवा, आबाजी."

मारोतरावानं डबा हलवला. काहीच वाजलं नाही. त्यानं जोरात हलवला. तरी नाही. डब्यात लोखंड भरावं तसं ते आत घट्ट बसलं होतं.

पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"गोड का तिखट?" समीक्षानं विचारलं.

"गोड."

"तळलं का भाजलं?"

मारोतरावानं खेमसिंगकडे पाहिलं. खेमसिंगनं चंद्राकडे पाहिलं.

"दोनी," मारोतराव म्हणाला. "अन् उकडलं बी."

"शिरा!" एक पोरगी ओरडली. "खीर!" दुसरी. "साबुदाण्याची खिचडी!" "अगं, ते तिखट असते." "बासुंदी!" "बासुंदी डबडब वाजते." समीक्षानं कान डब्याला लावला. श्वास रोखून ऐकलं. मग ती ताठ बसली आणि म्हणाली, "आबाजी फसवून राह्यले. डबा रिकामा हाये."

"रिकामा! रिकामा!" सगळ्या पोरी ओरडल्या.

"हेच का शेवटचं?" मारोतरावानं विचारलं.

"हेच."

मारोतरावानं झाकण काढलं. आत काठापर्यंत काळसर, चकचकीत, सपाट काहीतरी होतं, आणि त्यात चंद्र दिसत होता.

"हरलो," समीक्षा म्हणाली. "सांगा मंग. काय हाये?"

इथं घोळ झाला. पोरी हरल्या की घरच्या माणसानं खिरापतीचं नाव सांगायचं, हा रिवाज. नाव न सांगता डाव सुटत नाही. मारोतरावाला काहीही सांगता आलं असतं. वडी म्हणाला असता तर कोणाची छाती होती नाही म्हणायची! पण समोर भुलाबाई बसली होती आणि हातात लीलाचा डबा होता.

"मले नाई माहीत," तो म्हणाला.

"काका, मग कसं चालेल?" दिपालीताई म्हणाल्या. "तुम्हालाच माहीत नसेल तर मुली कशा ओळखणार?"

"ते बी खरं हाये," कांताबाई म्हणाली. मग डब्यात वाकून तिनं बोट लावलं. बोट आत गेलं नाही. तिनं मारोतरावाच्या हाताकडे पाहिलं. कढईच्या काठानं अंगठ्यावर चांगला टरारून फोड आला होता. कांताबाईचा आवाज फिरला. "पण मी म्हणतो, लेकरू झालं की लगेच नाव असते का? बाराव्या दिवशी बारसं करता ना? मंग याचं बी बारसं करा!"

यावर जो दंगा झाला तो पार घाटापर्यंत ऐकू गेला. पोरींनी डबा फडक्यात गुंडाळला. खेमसिंगनं त्याला मांडीवर घेतलं, आणि वजनानं तो पुढं कलंडता कलंडता राहिला. "लय भारी पोरगं झालं बा मारोतले," तो म्हणाला. आत्या कोण? समीक्षा. ती डब्याच्या कानाशी, म्हणजे कडीपाशी वाकली आणि काहीतरी पुटपुटली. लगेच पोरींनी "कुर्र!" करून तिच्या पाठीत धपाटे घातले.

"नाव सांग, नाव सांग!"

"घाटवडी," समीक्षा पाठ चोळत म्हणाली. "घाटाच्या दगडासारखी हाये."

घाटवडी फोडायला घरातून खलबत्त्यातला बत्ता आणला. चमचा वाकला, विळा घसरला, बत्त्याच्या पहिल्या दोन घावांत नुसत्या ठिणग्या उडायच्या बाकी राहिल्या. शेवटी दिपालीताईंनी पदर खोचला, ओसरीच्या पायरीवर बैठक मारली आणि एक चांगला टवका काढला. तो त्यांनी स्वतःच आधी तोंडात टाकला. बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही. सगळे वाट पाहत राहिले.

"चव मस्त आहे," त्या शेवटी गालात टवका धरून म्हणाल्या. "काका, हॉलमध्ये आम्ही हळदीकुंकू ठेवतो. हे इथंच राहू द्या."

जाताना समीक्षा दारात थांबली. "आबाजी, पुढच्या वर्षी काय कराल?"

"काय सांगू? यंदाचंच नाव तू ठेवलं."

"लीलाआजीची खिरापत काहून ओळखू नाई येत होती, हे मले समजूनच घ्याचं होतं."

मारोतरावानं तिला दुपारचं सगळं सांगितलं. दाराआडचा डबा, हातावरच्या करंज्या, सगळं. समीक्षा कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे आजी दरवर्षी हरे!" ती म्हणाली. "तुमच्यापाशी!"

"हो. घरात हरे, मंग ओसरीवर येऊन जिंके."

"मंग पुढच्या वर्षी कोजागिरीच्या दुपारी मी येतो. तुमी डबा हलवाचा. मी ओळखलं तर ते मी खाईन, अन् तुमी दुसरं कराचं."

"अन् पोरींकडून कोण ओळखन?"

"त्या हरल्या तर हरल्या," समीक्षा म्हणाली आणि पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुलाबाई नदीवर गेली. पोरी परतल्यावर मारोतराव लीलाबाईच्या पायरीवर बसला आणि डबा पाण्यात बुडवून धरला. तळाशी घाटवडी अजून चिकटलेलीच होती. मागे एक जोडपं नटून उभं होतं आणि फोटोवाला हातानं सरका, सरका करत होता. मारोतराव आजही सरकला नाही.

बऱ्याच वेळानं तळातून तो तुकडा सुटला. मारोतरावानं पाणी ओतून दिलं, झाकण लावलं आणि डबा कानाशी नेऊन हलवला. आत खणखणीत वाजलं. मग त्यानं तो, मघापासून शेजारी बसून सगळं पाहणाऱ्या खेमसिंगपुढं धरला आणि पुन्हा हलवला.

"सांग, काय हाये?"

खेमसिंगनं डोळे मिटून, मान डोलवत नीट ऐकलं.

"मुरमुरे," तो म्हणाला.