डावीकडून तिसरी

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो, आणि सरळच सांगतो, मला काकांचा राग येतो. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणे. मी नाही निवळलो.

मला काढलं तेव्हा घरातल्या बायका एका लांब बाकावर बसल्या होत्या. तिसरीने, म्हणजे घरच्या धाकट्या सुनेने, नेमक्या वेळी डोळे मिटले. मी घरी आलो तेव्हा तिनेच माझ्या पाठीवर शिसपेन्सिलीने लिहिलं, "डावीकडून तिसरी मी. डोळे मिटले, कुणी हसू नये. पाचवी शेजारीण, बाक भरायला बसवली." वर्षभरात ती बाळंतपणात गेली. मागे राहिली ती तान्ही मुलगी म्हणजे आजची आत्या. तिच्या आईचा दुसरा फोटो नाही.

पुढे मी पत्र्याच्या डब्यात बटणांसोबत पडून होतो. कुणी विचारलं नाही, पण छळलंही नाही.

मग आत्याचे धाकटे चुलतभाऊ, म्हणजे आमचे काका, निवृत्त झाले आणि घराण्याचा इतिहास त्यांच्या अंगात आला. तक्ते काय, रंगीत खुणा काय, जाडजूड आल्बम काय. आव असा, की पूर्वज यांनीच जन्माला घातले. त्यांनी मला उलटून पाहिलं. अक्षर पुसट होतं आणि चष्मा दुसऱ्या खोलीत. उठायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी त्या अक्षरांवरच डिंक थापला आणि मला पानावर दाबलं.

आत्या तीन जिने चढून धापा टाकत आली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई.

"अरे, यात माझी आई कोणती?"

काकांनी अंदाजाने बोट ठेवलं. "ही, पाचवी."

"नक्की ना? मागे काही लिहिलंय का?"

"कोरा आहे गं ताई. मी स्वतः तपासलाय."

धडधडीत खोटं बोलले. आल्बमचं पान खराब झालं असतं ना.

"डोळे किती पाणीदार आहेत हिचे," आत्या म्हणाली आणि रडायला लागली. काकांनी त्या चेहऱ्याची मोठी प्रत करून दिली, वर आभारही मानून घेतले. आता ती शेजारीण आत्याच्या उशाशी आहे. ताई रोज तिच्याशी बोलते, असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. ऐकून माझा तिळपापड होतो.

मित्रांनो, फोटो चिकटवण्याआधी उलटा करून वाचा. चष्मा लागत असेल तर उठून आणा. आणि काका, तुम्हाला वेगळं सांगतो. ओलं फडकं घ्या आणि मला सोडवा. अर्धी पाठ सोलून निघाली तरी चालेल, उरलेलं आत्याला वाचून दाखवा. ती अजून आहे.