शिशाच्या चकत्या

पाळकसाहेबांनी टेबलावर ठेवलेली पुरचुंडी टेलरबाईंनी उघडली, तेव्हा आत नाण्याएवढ्या शिशाच्या चकत्या होत्या.

"जुन्या झग्यातून काढल्यात," पाळकसाहेब म्हणाले. "झगा पार विरलाय. नवीन शिवाल तेव्हा खालच्या दुमडीत या घाला, ताई. नाहीतर पाण्यात घेर फुगतो आणि तोंडावर येतो."

टेलरबाईंनी एक चकती उचलली आणि लगेच खाली ठेवली.

झगा बाप्तिस्म्याचा होता. तो घालून रविवारी त्यांची मुलगी बारकी प्रार्थनामंदिरातल्या हौदात उतरणार होती. तिथे पाळकसाहेब तिला पूर्ण पाण्याखाली नेऊन वर काढणार होते. त्यांच्या मंडळीत डोक्यावर नुसतं पाणी शिंपडत नसत. माणूस ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि त्याच्याबरोबर उठतो, हे प्रत्यक्ष घडताना दिसावं म्हणून त्याला पाण्यात बुडवत.

थोरला मुलगा गेल्या उन्हाळ्यात नदीत बुडाला होता. त्याला पोहता येत होतं. पाय घसरला तो कपड्यांसकट. जाड कापडाची पॅन्ट पाणी पिऊन जड झाली आणि तिने त्याला खाली ओढलं, असं बाहेर काढणाऱ्यांनी सांगितलं. ती पॅन्ट टेलरबाईंनीच शिवलेली होती. कापड टिकाऊ द्या, असं दुकानदाराला त्यांनीच बजावलं होतं.

तेव्हापासून त्या घरात बादली भरून ठेवत नसत. नळाखाली तांब्या धरून आंघोळ उरकत. भरलेलं पाणी दिसलं की तळाशी थोरल्याचा चेहरा दिसे, आणि तो खाली खाली जात राही. प्रार्थनेला डोळे मिटले तरी तेच. म्हणून त्या प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून समोरच्या बाईची वेणी बघत बसत.

"साहेब, तिला थोडं थांबवता नाही का येणार?"

"तिला विचारलंत?"

"विचारलं. म्हणते, दादा गेल्यापासून मला एवढाच एक आधार वाटतो, तो पण काढून घेऊ नकोस."

"थोरला का गेला ते मला माहीत नाही. माहीत असल्याचा आव आणणारही नाही. प्रभू स्वतः पाण्यात उतरला होता, काठावर उभा राहून त्याने दुसऱ्यांना ढकललं नाही. मी भितो तेव्हा एवढंच धरून ठेवतो."

ते गेल्यावर टेलरबाईंनी झगा बेतला, शिवला आणि खालच्या दुमडीपाशी येऊन थांबल्या. चकत्या ओळीने मांडल्या. मग गोळा करून पुन्हा पुरचुंडीत बांधल्या. मुलीच्या कपड्यात स्वतःच्या हाताने वजन घालणं त्यांना शक्य नव्हतं. दुमडीत त्यांनी कापडाची जाड पट्टी घातली, म्हणजे हात लावून कुणाला कळणार नाही, आणि शिलाई मारून टाकली.

शनिवारी बारकीने झगा अंगाला लावून पाहिला. "आई, हलका लागतोय गं."

"सुती आहे. हलका नाही तर काय गोणपाट लागणार?"

"आणि पांढऱ्यात मी भुतासारखी दिसते."

"भूत बरं, निदान गप्प तरी बसतं."

बारकी हसली. टेलरबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पुरचुंडी डब्यांमागे सरकवून बाहेर आल्या.

रविवारी व्यासपीठाच्या फळ्या काढून हौद उघडला होता. कमरेपेक्षा थोडं वर येईल एवढं पाणी होतं आणि आत पायऱ्या होत्या. टेलरबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. मागे पहिल्या बाकावर नणंदबाई होत्या. त्या मोठ्याने गात होत्या आणि नेहमीप्रमाणे सूर सोडून.

बारकी पायऱ्या उतरू लागली आणि झगा वर आला. तिच्याभोवती तो तंबूसारखा फुगला. पाळकसाहेबांनी हाताने दाबला, तर दुसऱ्या बाजूने वर उसळला. ओलं कापड बारकीच्या हनुवटीशी आलं. आता मागे झुकवलं असतं तर ते नाकातोंडावर बसलं असतं, हे टेलरबाईंना कुणी सांगायला नको होतं. कापड ओलं झालं की कसं चिकटतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

गाणं संपलं. बारकीने वर बघितलं. "आई, चकत्या?"

टेलरबाईंनी नकारार्थी मान हलवली.

पाळकसाहेबांनी आवाज खाली आणला. "ताई, मला हात दोनच. एक तिच्या पाठीला लागतो, एक डोक्याला. खालून कुणीतरी घेर धरायला हवा. नाहीतर आज राहू दे. तुम्ही म्हणाल तसं."

आयतं कारण हाती आलं होतं. राहू दे, एवढं म्हणायचं होतं. फुगलेल्या झग्यात बारकी आईकडे बघत उभी राहिली, दादाच्या शवपेटीपाशी उभी होती तशी.

टेलरबाईंनी चपला काढल्या.

पहिल्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं. "प्रभू, उतर माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. त्या उन्हाळ्यानंतरचं त्यांचं हे पहिलंच मागणं. भीती तसूभरही कमी झाली नाही. त्या पुढची पायरी उतरल्या, मग त्याच्या पुढची. बारकीपाशी पोचून त्यांनी घेर दोन्ही मुठींत पकडला आणि खाली ओढला. गुडघ्यापर्यंत ओढायला वाकावं लागलं. पाणी हनुवटीला टेकलं.

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने," पाळकसाहेब म्हणाले, आणि बारकी मागे गेली.

घेर सोडायचा नव्हता, म्हणून टेलरबाईही खाली गेल्या.

त्यांचे डोळे उघडे होते. समोर बारकीचा चेहरा होता. डोळे घट्ट मिटलेले, गाल फुगवलेले, केस वर तरंगणारे. पाण्याखालचा चेहरा.

मग तो चेहरा वर गेला. खाली नाही. सरळ वर, उजेडाकडे, आणि पाण्याबाहेर.

टेलरबाई खोकत वर आल्या. मागे नणंदबाई ओरडल्या, "अगं बाई, हिचा बाप्तिस्मा पुन्हा झाला!" सगळं प्रार्थनामंदिर हसलं, पाळकसाहेबसुद्धा.

त्या हसल्या नाहीत. पाळकसाहेबांचा हात त्यांनी कोपराने अडवला. "साहेब, थोरला? तो पण असाच वर येईल?"

पाळकसाहेबांचं हसू थांबलं. "येईल. प्रभू उठला, म्हणून तोही उठेल. माझा त्यावर विश्वास आहे, ताई."

टेलरबाई थंडीने कुडकुडत होत्या. हौदातलं पाणी त्यांना अजूनही काळं दिसत होतं. त्यांनी डोळे मिटले. सगळ्यांसमोर, पाण्यात उभं राहून मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"आई," बारकी त्यांच्या कानाशी म्हणाली, "सोड ना आता. मला वर चढता येत नाहीये."

घेर अजून मुठींतच होता. बोटं उघडत नव्हती. बारकीने ती एकेक करून सोडवली.