गंध लावलेलं पेडल

कृष्णस्वामीरावांच्या जुन्या गाडीचा ब्रेक दाबला की इडलीवर पाय दिल्यासारखं वाटायचं. पेडल खाली जायचं, आणखी खाली जायचं, आणि गाडी आपली तिच्या मर्जीने थांबायची. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकतेलाची कुजलेली नळी रावांनी स्वतःच बदलली होती, तेव्हा आत हवा शिरली होती. ती काढायला काही वेदविद्या लागत नाही. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा नट पान्याने सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे निघाले की आवळायचा. मात्र नट आवळण्याआधी वरच्याने पाय उचलला तर गेलेली हवा परत आत. म्हणजे माणसं दोन हवीत, आणि ती एकमेकांचं ऐकणारी हवीत. त्या घरात अशी जोडी मिळणं कठीणच होतं.

उद्या करू, उद्या करू म्हणता म्हणता नवरात्रातल्या नवमीची आयुधपूजा उजाडली. वेस्ट मांबलमच्या त्या तंजावरी मराठी घरात आयुधपूजा म्हणजे रावांच्या आईचं, राजसबाईंचं राज्य. त्यांनी सकाळीच विळी, कात्री, शिवणाचं मशीन, रावांचे सगळे पाने देवीपुढे मांडले. गाडीला शेवंतीची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. एवढ्यावर थांबतील तर त्या राजसबाई कसल्या? लेकाच्या तोंडी सारखं त्या पेडलचंच नाव, म्हणून वाकून त्यालाही गंध-कुंकू लावलं. आता दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत कुठल्याही आयुधाला हात लावायचा नाही. गंध लावलेल्या वस्तूला पाय लावणं तर मनातही आणायचं नाही.

राव हसले नाहीत. हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांचे वडील रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. एका आयुधपूजेला कुणाचं तरी दार अडकलं म्हणून देवीपुढची पटाशी उचलून गेले, हाताला साधा ओरखडा उठला, आणि आठवडा भरायच्या आत धनुर्वाताने गेले. राव म्हणत, गंजलेल्या लोखंडाने गेले. राजसबाई काहीच म्हणत नसत, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्याची रावांना लहानपणापासून भीती वाटत आली होती.

दुपारची पानं उचलताहेत तोच हेमावतीने भिंत धरली. ही रावांची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नवरा नोकरीवर दूर भिलाईला. दिवस अजून भरले नव्हते.

"अप्पा, कळ आली," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं : मूल आडवं आहे, कळा लागल्या की घरी थांबू नका, थांबलात तर दोन्ही जिवांना धोका. राव धोतराचा सोगा सावरत नाक्यापर्यंत पळाले. टॅक्स्या माळा घालून ओळीने उभ्या, ड्रायव्हर एकही नाही. सायकलरिक्षावाल्याने हात जोडले आणि म्हणाला, "नाळैक्कु, सामी." उद्या म्हणे. कळा कुठे उद्यापर्यंत थांबतात?

धापा टाकत ते परत आले. पेडलला पाय लावायचा धीर होईना, म्हणून वाकून हातानेच दाबून पाहिलं. पेडल तळाला जाऊन टेकलं. दवाखाना रुळांच्या पलीकडे एग्मोरला, आणि वाटेत रेल्वेचं फाटक. बंद फाटकाशी गाडी थांबली नाही तर काय होईल, ते त्यांना डोळ्यांपुढे स्वच्छ दिसलं.

ते देवीपुढे गेले. पाना समोरच होता, हळदीकुंकवाने भरलेला. हात काही पुढे होईना. आतून हेमा कण्हत होती आणि हा पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा उभाच.

"किट्टू, यातला कुठला?" मागून राजसबाई आल्या.

"आई, तू नको."

"कुठला ते सांग."

रावांनी बोट दाखवलं. राजसबाईंनी पाना उचलला, पदराला पुसला आणि लेकाच्या हातात दिला. मग जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसल्या.

राव गाडीखाली शिरले. "दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

नट सैल केला तसं तेल फुरफुरत अंगावर आलं. बुडबुडेच बुडबुडे. आवळला. पुन्हा दाब, पुन्हा धर. मधून बाहेर येऊन ब्रेकच्या टाकीत बाटलीतलं तेल भरायचं, परत खाली. बाहेर ओट्यावर येऊन बसलेली हेमा आता मोठ्याने ओरडू लागली होती, आणि प्रत्येक ओरडण्याला रावांना वाटे, आता म्हातारी पाय उचलून नातीकडे धावणार आणि सगळं पाण्यात जाणार. पण पाय हलला नाही. वरून नुसती पुटपुट ऐकू येत होती. अखेर तेल सलग, नितळ आलं.

पेडल टणक लागलं, तरी रावांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. दोघींना मागे बसवून ते निघाले. फाटकाच्या अलीकडे उतार लागला, फाटक पडलेलं, आगगाडीची शिट्टी जवळ येत चाललेली. मागे हेमाने आजीचा दंड आवळून धरलेला. रावांनी जीव मुठीत धरून पाय दाबला. गाडी थांबली, फाटकापासून वीतभर अंतरावर. समोरून डबे धडधडत गेले आणि फाटक उघडल्याबरोबर त्यांनी गाडी पुढे काढली.

संध्याकाळी नर्सने येऊन सांगितलं : पोट फाडावं लागलं, मुलगी आहे, दोघी सुखरूप. राव बाहेर आईकडे धावले. राजसबाई बाकावर उजवा पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. बातमी ऐकून त्यांनी डोळे मिटले, हात जोडले.

"पाय आधी मी लावला, किट्टू," त्या शांतपणे म्हणाल्या. "गंध सगळं माझ्या तळव्याला आलं, मी बघून घेतलंय. तुझ्या पायाला काही लागलं नाही. देवीला तेव्हाच सांगितलं, जे घ्यायचं ते माझ्याकडून घे, पोरीला अन् तिच्या लेकराला हात लावू नको."

असं काही नसतं, हे म्हणायला रावांनी तोंड उघडलं. गंजाची गोष्ट त्यांना पाठ होती. पण ते वाकून आईच्या तळव्याला कुठे ओरखडा नाही ना, ते बघू लागले.

घरी निघताना दवाखान्याच्या पायऱ्या आल्या, तेव्हा त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि स्वतः उलटे, मागे मागे उतरू लागले. "जपून, आई," ते प्रत्येक पायरीला म्हणत होते.