रेजिनाबायची शेळी

"हे उन्हात कोणी घातलं?" भालचंद्रने गच्चीच्या दारातूनच विचारलं.

"मी. वास सुटला होता. खालच्या पाटीलबाई दोनदा वर येऊन गेल्या," नर्मदा म्हणाली. "म्हटलं, बोंबलासारखं खडखडीत वाळलं की वास जाईल."

बोंबील वाळतो, कातडं बिघडतं. पण हे तिला कळावं कसं? नवरा उभा जन्म कातड्याच्या कारखान्यात राबला, तरी बाईने त्या कामाबद्दल अवाक्षर कधी विचारलं नाही. भालचंद्रने कातडं उचललं तर ते फळीसारखं ताठ. तुरटी-मिठाच्या पाण्यात मुरवायचं, सावलीत सुकत घालायचं आणि अंगात ओल आहे तोवर ताणून ताणून मऊ करायचं, एवढंच तर होतं. दुपारी त्याचा डोळा लागला आणि सगळं मुसळ केरात गेलं.

कारखाना बंद पडल्यावर गोखिवऱ्याच्या या घरात कातडं आणायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. पण वटार गावच्या, ओळखीतल्या प्लासिडने गळच घातली. त्याची आई, रेजिनाबाय, अंथरुणाला खिळलेली, डोळेही गेलेले. तिची पाळलेली शेळी कायम तिच्या पायाशी बसायची. ती म्हातारी होऊन मेली आणि बाईने जेवण टाकलं. शेळीचं कातडं केसांसकट कमावून पायाखाली द्या काका, म्हणाला, बघू तरी खाते का.

"बिघडलं म्हणून सांगा त्याला," नर्मदा म्हणाली. "तुमचे खांदे तरी उरलेत का आता?"

"आणि ती शेळी दुसरी कुठून आणू?"

त्याने ओलं गोणपाट गुंडाळून कातडं पुन्हा नरम केलं, फळीच्या कडेवर घातलं आणि ओढायला लागला. चार हिसक्यांत धाप लागली. कंटाळा आला होता त्याला, या कामाचा आणि खरं सांगायचं तर सगळ्याचाच. नर्मदा थोडा वेळ बघत राहिली. मग पदर कमरेला खोचून तिने दुसरं टोक धरलं.

"अगं, हाताला वास लागेल."

"एवढी वर्षं त्या वासात जेवायला वाढलं. आता हाताला लागून काय व्हायचंय? ओढा."

तिन्हीसांजेपर्यंत दोघं ओढत होती. पाठ-पोट मऊ झालं. मानेकडची बाजू काही केल्या वळेना.

दुसऱ्या दिवशी प्लासिड न्यायला आला, तेव्हा भालचंद्र स्वतःच त्याच्यासोबत वटारला गेला. बिघडवलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती पाठवणं त्याला जमलं नसतं. प्लासिडने आईला उठवून बसवलं, पाय कातड्यावर टेकवले. म्हातारीचा पाय केसांवरून सावकाश फिरला आणि नेमका मानेपाशी थांबला.

"बाय, तेवढं कडक राहिलं," भालचंद्र म्हणाला. "आमच्या हातून चूक झाली."

रेजिनाबायने अंगठ्याने ती कडक जागा चाचपली.

"हाडं लागायचीच तिची," मग ती म्हणाली. "शेवटी काय खात नव्हती ना." पाय तिने तिथेच ठेवला. "प्लासिड, थोडी पेज आन."

प्लासिड लगबगीने आत गेला.

"लई तरास झाला काय रे तुला?"

"छे, कसला त्रास," भालचंद्र म्हणाला, आणि तिला दिसत नाही हे ठाऊक असूनही त्याने ओढून ओढून सोललेले हात पाठीमागे धरले.