पावण्याची एक धाव

मी उगाच चिडतो असं घरचे म्हणतात. ऐका आणि तुम्हीच सांगा.

चौसष्ट सालची गोष्ट. सोमाटण्यात भातकापणी झाली की एका मोठ्या खाचरात जमीन चोपून आम्ही काथ्याची चटई ठोकायचो आणि आसपासच्या गावांशी क्रिकेट खेळायचो. त्या दिवशी कार्ल्याचा संघ आला होता. मी गोलंदाज. नऊ गडी बाद केले होते, तेही सगळे मीच, आणि माझ्या चेंडूवर एकालाही धाव काढता आली नव्हती. पलीकडून टाकणारा गोविंदा मार खात होता, पण सामना आमच्या हातात होता, ते सोडा. दहाचे दहा गडी आणि धाव एकही नाही, असं मावळात कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. माझा गुडघा त्याच वर्षी कुरकुरायला लागला होता. पुढच्या हंगामात आपण बांधावर बसून टाळ्या वाजवणार, हे मला ठाऊक होतं. आज नाही तर कधीच नाही.

सगळ्यांना ते कळलं होतं, पण दृष्ट लागेल म्हणून कुणी बोलत नव्हतं. यष्टिरक्षक वाहिद एरवी तोंड मिटायचा नाही, तो चेंडू परत करताना माझ्याकडे बघेना.

अकरावा गडी आला तो सीताराम. आमचा कप्तान दत्तोबा, त्याचा नवा जावई. दत्तोबाने आपली लेक चिंगी त्याच उन्हाळ्यात कार्ल्याला दिली होती. त्याने बॅट धरली कुदळीसारखी. पहिला चेंडू त्याला दिसलाच नाही. दुसरा बॅटच्या कडेला लागला आणि घरंगळत दत्तोबाकडे गेला. रांगतं पोरही उचलून आणेल असा! दत्तोबाने चेंडूकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी सारखी केली, आणि चेंडू त्याच्या दोन पायांमधून मागे गेला.

"पावणं, पळा!"

ओरडलं कोण? आमचाच कप्तान. मी लंगडत धावलो. चेंडू हातात येईपर्यंत सीताराम इकडच्या टोकाला पोचून दात काढत उभा होता.

पुढच्याच चेंडूवर मी समोर आलेल्या दुसऱ्या फलंदाजाच्या दांड्या उडवल्या. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मी खाली उतरलो आणि तडक दत्तोबाला गाठलं.

"भाऊ, चेंडू का सोडला?"

"मग काय करू? पावणा सासुरवाडीला आला आन भोपळा घिऊन गेला, तर माज्या लेकीला तितं काय काय ऐकावं लागंल? नांदायचं तिला हाय, तुला न्हाई."

"आरं, पन माजं..."

"तुला धाच्या धा मिळालं की! एका धावंनं काय बिघडतंय?"

काय बिघडतंय! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण लेकीच्या संसारापुढे माझं तोंड कसं चालणार? त्यावर कडी म्हणजे सीतारामला गावाने टोपी-उपरणं दिलं, आणि ते द्यायला मलाच पुढे केलं. मी दिलं. आतून असा चडफडत होतो की घरी जेवण गेलं नाही.

संक्रांतीला चिंगी माहेरी आली. दत्तोबाच्या ओसरीवर चहा घेता घेता मी तिला विचारलं, "काय गं, सासूबाई खूश हायेत ना? तुज्या मालकांनी आमच्यावर धाव काडली म्हून?"

चिंगीचं तोंडच उतरलं.

"काका, त्याचं नावच काडू नगा. सासूबाई येता-जाता टोमणं मारत्यात. म्हनत्यात, ल्योक पयल्यांदा सासुरवाडीला खेळाय गेला, आन सासऱ्यानं काय दिलं, तर एक धाव! एवडा कसला चिक्कूपना?"

मी दत्तोबाकडे पाहिलं. त्याने कपबशी खाली ठेवली. मग खरोखरीच्या दुःखाने माझ्या हातावर हात ठेवला.

"चुकलंच माजं, महिपती," तो म्हणाला. "दोन सोडायला पायजे हुत्या."